याडीची वेडी

३ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा तेच गाणं! दूध तापवत होते आणि भिंतीपलीकडून एकदम ढोल-ताशासकट ‘वेडी गं, वेडी गं, सुटलं तुझं दार गं’ — दूध उतू गेलं. ममताच्या फोनची रिंग. काल रात्री नागपूरहून आली म्हणे, लग्नाची रजा घेऊन.

गॅस पुसेपर्यंत ती स्वतःच आली. मोठ्या दवाखान्यात नर्स आहे, पण माझ्यासमोर अजून शाळेतल्यासारखी उभी राहते, हात मागे बांधून. “टीचर, हे गाणं तुमच्या नाटकातलं आहे? आजी म्हणते.”

म्हटलं, आहे. पण त्यात ढोल नव्हते.

मग खरं कारण निघालं. बावीस तारखेला लग्न, महागावजवळच्या त्यांच्या तांड्यावर. सगळं ठरलंय. अडलंय ते आजीपाशी. सुखीबाईनं जाहीर केलंय — पोरीनं निघताना ढावलो म्हटला नाही, तर मी खोलीतून बाहेर येणार नाही; डोक्यावर हात ठेवायला दुसरी कोणी म्हातारी शोधा.

ढावलो म्हणजे त्यांच्या बंजारा समाजातली नवरी निघताना एकेकीच्या गळ्यात पडून जे रडगाणं म्हणते ते. आता कुणाला येतं? ममताला तर नाहीच. आजीलाच शिकव म्हटलं, तर तिचं उत्तर — ढावलो शिकवत नसतात, आणि घरातून पोर निघाल्याशिवाय तो तोंडातून काढतही नसतात. म्हणजे शिकायचं नाही, आणि आलं मात्र पाहिजे! आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरसुद्धा असा पेपर काढत नसत.

“आजीचा हात नसला तर मला गाडीत बसवणार नाही, टीचर,” ममता म्हणाली. “तुम्ही स्टेजवर म्हटलंय ना ते? मला शिकवा.”

त्यात काय, म्हटलं. उद्या ये.

४ फेब्रुवारी, बुधवार

फजिती.

ममता समोर चटईवर बसलेली, मी पेटीचा भाता हलवला, तोंड उघडलं — आणि ‘वेडी गं’ बाहेर पडलं. पुन्हा सुरू केलं. पुन्हा ‘वेडी’. वर, व्हायोलिनची ती मुंबईच्या तबकडीतली तानसुद्धा मी तोंडानं वाजवली! आमच्या नाटकात व्हायोलिन कुठलं आलं?

पहिला शब्द ‘याडी’ आहे एवढं पक्कं. त्यांच्या गोर बोलीत याडी म्हणजे आई. ‘याडी गं, सुटलं तुझं दार गं.’ पण त्यापुढची चाल, हेलकावे, पुढच्या ओळी — जागेवरच नाहीत. तिथे दुसरंच कुणी येऊन राहिलंय, भाडेकरूसारखं.

ममता म्हणाली, डोकं दुखत असेल तर गोळी देऊ का?

५ फेब्रुवारी, गुरुवार

झोपाळ्यावर बसून आठवत होते. गाणं नाही आठवलं, बाकी सगळं आठवलं.

‘संगीत लदणी’! बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादून गावोगाव फिरायचं, त्याला लदणी म्हणत. त्यावरचं वामनरावांचं नाटक. वामनराव आमच्या कॉलेजात येण्याआधी सुखीबाईच्या तांड्यावर शिक्षक होते. तिथे तिच्या धाकट्या बहिणीची, बिजलीबाईची पाठवणी त्यांनी पाहिली, आणि त्या ढावल्यावरून हे पद बांधलं. शब्द मराठी, फक्त ‘याडी’ तेवढं ठेवलं. नवरी मी. कॉन्व्हेंटची पोरगी, मराठीत ‘ळ’ नीट यायचा नाही, पण आवाज होता. बाबांची परवानगी सिस्टरनं काढून दिली. तिला वाटलं होतं, नाटक मिठावर आहे म्हणजे शैक्षणिक असणार.

कापसाच्या मोसमात, मैदानात मांडव. यवतमाळची सगळी बडी मंडळी पुढे. आणि मागे कापसाच्या ट्रकमधून आलेला अख्खा तांडा. मी गळा काढला, ‘याडी गं…’ — आणि मागे पन्नास बायका मोठ्यानं रडू लागल्या! पुढचे माना वळवून बघताहेत. त्यांना वाटलं, वामनरावांनी बायका पेरून ठेवल्यात, काय कल्पना आहे! तेवढ्यात एक उंच बाई, आरशांची काचोळी, हातभर बांगड्या, सरळ स्टेजवर चढली, माझं डोकं खांद्यावर ओढलं आणि माझ्याबरोबर गायला लागली. पडदा ओढणारा रडत बसला, पडदा पडलाच नाही.

ती सुखीबाई. तेव्हा चाळिशीची. नंतर वामनरावांनी विचारलं, बाई, मध्येच का आलात? तर म्हणाली, पोरगी एकटी रडून राह्यलती. ढावल्यात पोरीले एकटी ठेवत नसतात.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं — ‘सौ. सुखीबाई यांचा छोट्या भूमिकेतील सहजसुंदर अभिनय.’ माझं नाव नव्हतं.

७ फेब्रुवारी, शनिवार

दिवसभर माळा उपसला. शिंका, कोळिष्टकं, आणि संशोधन! गाण्याच्या मागच्या अंगानं जाऊन मूळ सापडतं का बघावं म्हटलं.

तबकडी सापडली. तिच्यात मुंबईच्या बाई ‘वेडी गं’ म्हणतात, इतकं शुद्ध, की धुऊन इस्त्री केलेलं वेड. वामनराव पेटी घेऊन मुंबईला गेले होते त्या तबकडीसाठी. तिथल्या साहेबांनी सांगितलं — याडी म्हणजे तुमच्या गावाकडचं वेडीच ना? मग नीट वेडी म्हणू या. वामनरावांनी समजावलं, अहो आई. ते म्हणाले, आई चालीत बसत नाही. परत आल्यावर वामनराव वर्षभर सांगत होते, एकच अक्षर बदललं फक्त. आईला सोडून निघालेली पोर त्या एका अक्षरानं प्रियकरासाठी घर सोडून पळाली!

कॅसेट सापडली. कुठल्याशा ऑर्केस्ट्रात एका गृहस्थांनी म्हटलेलं. गृहस्थ, आणि म्हणताहेत ‘वेडी मी’.

मग भक्तिगीतांची कॅसेट. त्यात ‘वेडी मी, देवा’. दार देवळाचं झालंय.

ममतानं फोनवर पुढचं दाखवलं. डीजेची आवृत्ती — ‘सुटली, सुटली, सुटली’, एवढंच, आणि खाली जमीन हादरवणारं काहीतरी. तिचा चुलतभाऊ बादल लग्नात डीजे लावणार आहे, त्याचं हे ठेवणीतलं. त्यावर काळे चष्मे लावून नाचणाऱ्या मुलींचे व्हिडिओ. एक आजीबाईपण नाचतात, बऱ्या नाचतात.

ह्यांतल्या कशातही ‘याडी’ नाही. आणि मी हे सगळं इतकी वर्षं प्रेमानं ऐकत आले. तबकडीवर भाजी चिरली, कॅसेटवर पेपर तपासले. थर बसत गेले. माझा स्वतःचा आवाज सगळ्यांत खाली.

८ फेब्रुवारी, रविवार

अक्षयचा फोन, बंगळूरहून. रविवारचा तोच विषय. आई, एकटी किती दिवस राहणार? तिकीट काढू का? इथे लिफ्ट आहे, खाली बाग आहे, मराठी मंडळ आहे. विचार करते म्हटलं. ‘विचार करते’ला आता वर्ष होईल.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, मी बोलता बोलता गुणगुणत होते. ‘वेडी मी, देवा.’ अरे देवा!

१० फेब्रुवारी, मंगळवार

सुखीबाईला सरळच गाठलं. अठ्ठ्याऐंशीची झाली, ऐकू कमी येतं असं डोंगरसिंग म्हणतो. (डोंगरसिंग म्हणजे तिचा मुलगा, ममताचा बाप.) मला तरी वाटतं तिला पाहिजे तेच कमी ऐकू येतं. अंगणात सुपात तूर घेऊन बसली होती.

म्हटलं, सुखीबाई, पोरीला दोन ओळी सांगा. लेकरू घाबरलंय.

“कायले घाबरते? सुई टोचताना नाही घाबरत लोकायले.”

मग तबकडीवर आली. एवढी वर्षं झाली, पण राग ताजा. गणपतीत भोंग्यावर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती रस्त्यातच थांबली होती म्हणे. “आमच्या मायले येडी केलं तुमच्या नाटकानं. साऱ्या दुनियेत येडी केलं. आता नाचतेत तिच्यावर.”

मी केलं नाही हो, म्हटलं. मी ‘याडी’च म्हणत होते.

ती सूप हलवत राहिली. एकदम विचारलं, “तुया लगनात तू रडली का वं, मास्तरीन?”

नाही, म्हटलं. आणि खरंच नाही. सिस्टरनं शिकवलं होतं — हनुवटी वर, पाठ ताठ, चारचौघांत डोळे कोरडे. मी गाडीत बसले आणि हात हलवला, राणीसारखा. आई फाटकापाशी उभी होती. नंतर ती सगळ्यांना सांगायची, रडलीसुद्धा नाही माझी पोर. कौतुकानं सांगायची की कशी, ते मला कधी कळलं नाही. आता विचारायला ती नाही.

“मंग तुयं लगन अर्धंच झालं,” सुखीबाई म्हणाली, आणि तुरीतला खडा उचलून टाकला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

कल्पना सुचली! मला सुचली, ममता म्हणते तिला सुचली. असो.

सुखीबाईचे नियम दोन. पोर निघाल्याशिवाय ढावलो नाही. आणि ढावल्यात पोरीला एकटी ठेवायची नाही. मग एक पोर निघाली तर? ममताचं निघणं तर बावीसला. पण वय सदुसष्ट का असेना, मीही कुणाचीतरी पोरच. अक्षय बोलावतोच आहे. मी बॅग घेऊन जायचं, निघाले म्हणायचं, गाणं सुरू करायचं. तिला राहवणार नाही. ममता पडद्याआड फोन घेऊन.

ममता म्हणाली, खोटं बोलायचं, टीचर?

अभिनय, म्हटलं. पेपरात नाव यायचं राहिलंय माझं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

झालं. कसं लिहू!

निळ्या बॅगेत काय भरावं कळेना, म्हणून अक्षयच्या खोलीतल्या दोन उश्या कोंबल्या. फुगली छान. रामलालला ऑटो घेऊन फाटकापाशी उभं केलं होतं, मी खुणावलं की हॉर्न द्यायचा. त्यानं मी चपला घालण्याआधीच दिला. वर विचारतो, मॅडम, खरंच जाऊन राह्यल्या का? त्याचाही चेहरा पडलेला. त्याला हो म्हटलं, बॅगेकडे बघत.

सुखीबाई ओसरीवर. मी म्हटलं, चालले. अक्षयकडे. आता तिकडेच.

तिनं बॅगेकडे पाहिलं. “हलकी दिसते.”

बाकी सामान मागून येणार, म्हटलं.

“बरं,” म्हणाली. नुसतं ‘बरं’! आता काय करावं? पडद्याखालून ममताचे पाय दिसत होते. मी बॅग ठेवली आणि ठरल्याप्रमाणे गळा काढला, आणि ठरल्याप्रमाणे न होता तोंडातून आलं ‘वेडी गं…’

तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. खरखरीत, तुरीच्या वासाचा. “मायले येडी नको म्हनू. निघता निघता तरी नको म्हनू.”

मग उठली. किती वेळ लागतो तिला उठायला! माझं डोकं धरून खांद्यावर ओढलं, तस्संच, आणि सुरू झाली. ‘याडी’ असं म्हणाली, की ‘या’ खोल विहिरीत सोडलेल्या दोरासारखा खाली खाली गेला, आणि ‘डी’ पुष्कळ वेळानं पाण्याला लागला. पुढचं तिच्या बोलीत. सगळे शब्द कळले नाहीत. पण चाल! माझी हरवलेली चाल. मी कधी तिच्याबरोबर गायला लागले ते मला माहीत नाही. आवाज फाटला. तरी गात होते. फाटकापाशी आई उभी होती, हिरवं लुगडं, एक हात कडीवर. मी गाडीतून उतरले. हनुवटी गेली खड्ड्यात!

रामलालनं हॉर्न दिला. बरोबर नको तेव्हा.

सुखीबाईनं पदरानं माझं तोंड पुसलं, जोरात, लहान पोराचं पुसतात तसं. हातात गुळाचा खडा दिला. म्हणाली, “जा. वळून पाहू नको.”

आणि आता जावंच लागलं ना! बॅग घेऊन ऑटोत बसले. कुठे जायचं? रामलालनं स्टँडवर नेलं. तिथे महागावची गाडी लागली, सुटली. मुकुटबनची लागली, सुटली. मी आपली उश्या मांडीवर घेऊन बसलेली. चहा घेतला. गूळ खाल्ला. दिवेलागणीला मागच्या बोळातून, चोरासारखी, स्वतःच्या घरात आले. दिवा लावायची सोय नाही. अंधारात चाचपडत लिहितेय, ओळी एकमेकींवर चढल्या असणार.

१४ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी शिंक आली. भिंतीपलीकडून लगेच — “गाडी चुकली का वं?”

हो, म्हटलं.

“बरं झालं. माहेरी आलेल्या पोरीनं चूल पेटवू नये. भाकर इकडे आहे.”

विश्वास बसला वाटतं तिचा! बिचारी. वाईट वाटलं, पण भाकर खाल्ली. अंबाडीची भाजी होती. मग माझ्या डोक्याला तेल लावलं. सदुसष्टाव्या वर्षी माझी वेणी घातली तिनं, केस उरलेत किती ते न बघता.

१८ फेब्रुवारी, बुधवार

ममता रोज दुपारी येते. तिनं माझ्या फोनवर पाठवलेली चाल ऐकतो, मी पेटीवर काढते, ती म्हणते. शब्द तिनं बापाकडून एकेक करून वदवून घेतले. डोंगरसिंग सांगताना नाक ओढत होता. पण अडचण वेगळीच. सूर लागतो, रडू येत नाही. म्हणते, वॉर्डात रडायचं नाही असं शिकवलंय आम्हाला.

अरे वा. म्हणजे सिस्टर तिथेपण पोचली!

फोनवरचं मी ‘जा, वळून पाहू नको’ला बंद करते. पुढे ऑटोचा फटफटाट. माझ्याच पळून जाण्याचा आवाज कोण ऐकणार!

२२ फेब्रुवारी, रविवार

तांड्यावरून आत्ता आले. पाय सुजलेत. पळस फुललाय सगळीकडे, येताना खिडकीतून नुसतं लाल.

नवऱ्याकडचे पुण्याचे. भले लोक, पण घड्याळाचे. पाठवणीला पाच मिनिटं ठेवली होती. गाडी सजवून उभी. सुखीबाई खोलीत, दार लोटलेलं. बादल डीजेच्या बटणावर बोट ठेवून. मी त्याला माझा जुना वर्गातला डोळा दाखवला, त्यानं बोट काढलं.

ममता दारापाशी गेली. उभीच राहिली. मला वाटलं, संपलं, हिला जमणार नाही. मग तिनं कपाळ दाराला टेकलं आणि अगदी हळू, ताप बघताना विचारावं तसं, म्हणाली, “याडी…”

दार लोटलेलंच.

पुन्हा म्हणाली. या खेपेला सूर फुटला. मी शिकवलेली एकही जागा तिनं घेतली नाही, सगळं वाकडंतिकडं, वॉर्डात दाबलेलं असेल नसेल ते सगळं त्यात. आणि दार उघडलं. त्यापुढे मला कोण काय गात होतं ते वेगळं सांगता येणार नाही. साऱ्या बायका आल्या, पोरीला एकटी ठेवली नाही. पुण्याची सासू आधी घड्याळ बघत होती, मग ती कुणाच्यातरी गळ्यात पडलेली दिसली. बहुतेक चुकीच्या.

सुखीबाईनं ममताच्या डोक्यावर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही.

गाडी गेली. धूळ खाली बसली, आणि बादलनं न राहवून लावलंच — ‘सुटली, सुटली, सुटली!’ मी घाबरून सुखीबाईकडे पाहिलं. ती बसल्या जागी मान हलवत होती. तालात.

२५ फेब्रुवारी, बुधवार

पुण्याहून ममताचा निरोप — टीचर, ते फोनवरचं एकदा शेवटपर्यंत ऐका.

ऐकलं. ‘जा, वळून पाहू नको.’ मग ऑटो. फटफट दूर गेली. मग शांत. मग सुखीबाई —

“निघ पडद्यातून, ममते. पाय दिसून राह्यले तुये. झालं ना भरून फोनमंदी?”

ममताचं घाबरलेलं हसू. आणि मग ती — जन्मभर ‘येडी’ म्हणणारी, पण इथे स्वच्छ, तबकडीतल्या बाईंसारखं —

“उश्या घेऊन निघाली वेडी. पन रडली ते खरी रडली. तिचा ढावलो राह्यलता कवाचा.”

निळी बॅग अजून तशीच होती, कोपऱ्यात. उघडली. उश्या अक्षयच्या पलंगावर ठेवल्या, नवे अभ्रे घातले. मे महिन्यात तोच येईल इकडे.